वर्षावासातली गिलानसेवा

श्रामणेर शिबिराचा, म्हणजे काही दिवस नवशिका बौद्ध भिक्खू होऊन राहण्याच्या शिबिराचा, अर्ज एका पानाचा असतो. नाव, वय, घरचा फोन, काही आजार आहे का, आणि सगळ्यात खाली ‘शिबिरात येण्याचे कारण’. तिथे मी ‘करुणा शिकण्यासाठी’ असं लिहिलं. मोठ्या भन्तेजींनी, म्हणजे विहारातल्या ज्येष्ठ भिक्खूंनी, अर्ज वाचला आणि विचारलं, “कोणासाठी शिकायची आहे, उपासक?”

“मुलीसाठी,” मी म्हटलं.

“बरं,” ते म्हणाले आणि अर्ज फाईलमध्ये ठेवला.

आमची मुलगी एकोणीस वर्षांची आहे. तिला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे आईबाप दोघांकडूनही आलेला. विदर्भात एवढं सांगितलं की पुरतं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: रक्तातल्या तांबड्या पेशी वाकून विळ्यासारख्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि अडकल्या की पुढे रक्त पोचत नाही. मग हाडं ठणकतात. कधी मांड्या, कधी पाठ, कधी छाती. त्याला क्रायसिस म्हणतात. थंडी बाधली, पावसात भिजली, पाणी कमी प्यायली, ताप आला, तरी होतो आणि कधी काहीच कारण नसताना होतो. मी आणि माझी बायको दोघंही एएस, म्हणजे वाहक. आम्हाला स्वतःला कधी काही झालं नाही, त्यामुळे मुलगी आजारी पडेपर्यंत आम्हाला हे ठाऊकच नव्हतं. दोघं एएस असले तर प्रत्येक वेळी मूल एसएस होण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणून सोयरीक जुळवायला बसलेल्या प्रत्येक घरी मी आता पत्रिका बाजूला ठेवा आणि आधी रक्त तपासा असं सांगतो. काही जण तोंड फिरवतात. तरी सांगतो.

तिला क्रायसिस आला की मी तिच्या उशाशी बसून राहायचो. अन्न गोड लागायचं नाही, झोप यायची नाही, डोळे भरून यायचे. नातेवाईक म्हणत, बाप असावा तर असा. पण तिचं दुखणं ओसरल्यावरही मी कित्येक दिवस रिकामा झाल्यासारखा असायचो, आणि पुढच्या वेळी माझ्यात तेवढी ताकद उरलेली नसायची. ते बायकोच्या लक्षात आलं होतं. आमच्या उत्तर नागपुरातल्या विहारात वर्षावास चालू होता. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खू एका जागी मुक्काम करतात, आणि त्याच काळात आमच्याकडे श्रामणेर शिबिरं भरतात. बायको म्हणाली, “अहो, तुम्ही शिबिराला बसा. घरचं मी बघते. तिचीही तब्येत सध्या बरी आहे.”

पब्बज्जेच्या, म्हणजे श्रामणेर दीक्षेच्या, सकाळी विहाराच्या अंगणात न्हावी बसले होते. पाऊस झिमझिम चालू, वर ताडपत्री. डोक्यावरून वस्तरा फिरत असताना भन्तेजींनी कापलेल्या केसांची एक बट माझ्या ओंजळीत ठेवली आणि म्हणायला लावलं: केसा, लोमा, नखा, दन्ता, तचो. केस, लव, नखं, दात, त्वचा. मग तेच उलट क्रमाने. श्रामणेराला मिळणारं हे पहिलं ध्यान. भन्तेजी म्हणाले, माणूस माणसाकडे बघतो तेव्हा बहुतेक एवढंच बघतो, आणि त्यावरून कोण आपला, कोण परका, कोण सुंदर, कोण किळसवाणा ते ठरवतो. तेव्हा मला वाटलं की हे वैराग्यासाठी सांगतात, करुणेशी त्याचा काय संबंध. पुढे गिलान खोलीत, म्हणजे आजाऱ्याच्या खोलीत, गेल्यावर तो संबंध कळला.

चीवर हातात घेऊन भिक्खूंपुढे उकिडवं बसायचं आणि ते मागायचं. ‘इमं कासावं गहेत्वा पब्बाजेथ मं भन्ते अनुकम्पं उपादाय.’ हे काषाय वस्त्र घेऊन, माझ्यावर अनुकंपा करून मला प्रव्रजित करा. बाकी सगळे जण पाठ केलेलं म्हणत होते, मीही म्हटलं, पण ‘अनुकम्पं’पाशी माझा आवाज अडला. करुणा द्यायला शिकायचं म्हणून मी आलो होतो, आणि पहिल्याच दिवशी ती हात जोडून मागायला लावली. मग त्रिसरण, दहा शीलं, कमरेला अंतरवासक, अंगावर उत्तरासंग. चीवर सारखं खांद्यावरून घसरायचं, ते सांभाळण्यातच पहिला दिवस गेला.

दिनचर्या सगळ्या शिबिरांत साधारण सारखीच. पहाटे चारला घंटा, ध्यान, वंदना, झाडलोट, भिक्षाटन, बाराच्या आत जेवण, दुपारी वर्ग, संध्याकाळी कोरा चहा, परित्राणपाठ, झोप. बारानंतर अन्न नाही, पैशाला हात लावायचा नाही, उंच गादीवर झोपायचं नाही. भूक लागते, पण लवकरच तिची सवय होते, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही.

भिक्षाटनाबद्दल मात्र लिहायला हवं. पात्र घेऊन, नजर खाली, एकामागे एक, ठवरे कॉलनीच्या आणि वैशाली नगरच्या गल्ल्यांतून अनवाणी चालायचं. काही मागायचं नाही, दारापुढे थोडं थांबायचं. ज्या लोकांना मी वर्षानुवर्षं ऑफिसला जाता-येता ‘जय भीम’ करत होतो, ते उंबऱ्याबाहेर येऊन ओल्या रस्त्यावर गुडघे टेकत आणि ‘वंदामि भन्ते’ म्हणत. एका म्हाताऱ्या आईने पात्रात दोन पोळ्या आणि वांग्याची भाजी घातली. तिचं घर म्हणजे एक खोली, दाराशी शिलाई मशीन. तिने आपल्या ताटातलंच काढलं होतं, हे स्पष्ट दिसत होतं. नको म्हणता येत नाही. आपल्याला काय आवडतं, तिला परवडतं का, हा विचार बाजूला ठेवून तिचं दान तिच्या इच्छेप्रमाणे होऊ द्यायचं. जेवणाआधी आम्ही म्हणायचो, ‘पटिसंखा योनिसो पिण्डपातं पटिसेवामि’, मी हे अन्न नीट विचार करून घेतो आहे, चैनीसाठी नाही, मस्तीसाठी नाही, शरीर टिकावं एवढ्यासाठी. त्या पोळ्या खाताना मला घरची रात्र आठवली, जेव्हा मुलगी तळमळत असते आणि बायको ताट वाढून समोर ठेवते आणि मी ते बाजूला सारतो.

विहाराच्या मागच्या बाजूला एक खोली होती. तिथे एक वृद्ध थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू, राहत. त्यांना लकवा झाला होता, उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही. काही सांगायचं असलं की ओठ हलत, एखादं अक्षर निघे, आणि मग ते डोळे मिटून घेत. त्यांची सगळी सेवा एक तरुण भन्ते करत. ते मूळचे त्रिपुरातले, चकमा समाजातले, वय पंचविशीच्या आसपास. मराठी समजायची, बोलायचे हिंदीत. माझा अर्ज मोठ्या भन्तेजींच्या लक्षात राहिला असावा, कारण कामं वाटताना त्यांनी मला सांगितलं, “सामणेर, तुम्ही गिलान खोलीत.”

पहिल्या दिवशी दार उघडलं तेव्हा वास आला. थेरांना शौच झालं होतं आणि ते तसेच पडून छताकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत लाज होती. एवढा विद्वान माणूस, सारं आयुष्य धम्म सांगत फिरलेला, आणि अशी अवस्था. मला रडू आलं. तरुण भन्तेंनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “रोना है तो बाहर. यहाँ रहना है तो पानी गरम करो.” आवाजात जरब नव्हती, तिरस्कारही नव्हता.

मी पाणी तापवलं. मग त्यांनी जे केलं ते मी इथे सविस्तर लिहितो, कारण करुणा कशी दिसते असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. आधी थेरांच्या कानाशी जाऊन त्यांनी सांगितलं, भन्ते, आता कूस बदलतो. प्रत्येक स्पर्शाआधी सांगायचे. न सांगता हात लावायचा नाही, कारण पडून असलेल्या माणसाला आपल्या अंगाचं काय चाललंय ते कळायला हवं. मग चांगल्या बाजूवर वळवलं. कोमट पाण्यात भिजवलेल्या कपड्याने पुसलं, कपडा बदलत बदलत, घाई न करता. नंतर कोरडं केलं, नीट, चामडीच्या घड्यांमधूनसुद्धा, कारण ओल राहिली की कातडी सोलते. पाठ, माकडहाड, टाचा तपासल्या. कुठे लाल डाग दिसतो का, बोटाने दाबल्यावर तो फिका पडतो का. फिका पडत नसेल तर तिथे जखम होऊ घातली आहे असं समजायचं आणि त्या अंगावर निजवायचं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. चादर बदलायला रुग्णाला उचलावं लागत नाही हे मला तिथेच कळलं: जुनी चादर लांबीने गुंडाळत पाठीशी न्यायची, नवी तिच्या शेजारी अर्धी गुंडाळून ठेवायची, मग रुग्णाला त्या उंचवट्यावरून पलीकडे वळवायचं, जुनी काढायची, नवी ओढून घ्यायची.

खाऊ घालतानाही तसंच. उशांना टेकवून बसवायचं, हनुवटी जरा खाली, घास छोटा, तोंडाच्या चांगल्या बाजूने. गिळलं का ते गळ्याकडे पाहून खात्री करायची, मगच दुसरा घास. बाराच्या आत सगळं व्हायला हवं म्हणून ते साडेदहालाच सुरू करत, म्हणजे घाई करावी लागत नसे.

आणि मग ते गप्पा मारत. कन्हानला पूर आला, कामठीच्या उपासिकेने पेरू आणले, शिबिरातल्या छोट्या सामणेराने चीवर उलटं नेसलं. थेर हसत, अर्ध्या चेहऱ्याने. एक दिवस तरुण भन्तेंनी करणीयमेत्तसुत्त, म्हणजे मैत्रीचं सुत्त, म्हणायला सुरुवात केली, ‘करणीयमत्थकुसलेन’, आणि मी थक्क झालो, कारण थेर सोबत म्हणू लागले. ज्यांना ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं त्यांच्या तोंडून सगळ्या गाथा येत होत्या, जवळजवळ स्पष्ट. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली तर नवं वाक्य जुळवता येत नाही, पण लहानपणापासून घोकलेलं, चालीवर म्हटलेलं पुष्कळदा शाबूत राहतं, हे मला नंतर आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. तरुण भन्तेंना ते कुठल्या पुस्तकातून कळलं नव्हतं, रोज सोबत राहून कळलं होतं. ‘माता यथा नियं पुत्तं आयुसा एकपुत्तमनुरक्खे’ ही गाथा आली, आई जशी आपल्या एकुलत्या एका लेकराला स्वतःच्या प्राणापलीकडे जपते, तेव्हा थेरांनी डावा हात उचलून तरुण भन्तेंच्या मनगटावर ठेवला.

हे सगळं आटोपून तरुण भन्ते हात धुवायचे आणि पोटभर जेवायचे. दुपारी घोरत झोपायचे. मला ते खटकलं. शेवटी मी विचारलंच, भन्ते, तुम्हाला यांना बघून काही वाटत नाही का? त्यांनी थोडा विचार केला. वाटतं, ते म्हणाले. पण फार वाटू दिलं की हात थांबतो. हात थांबला की हे ओल्यात पडून राहतात.

त्या आठवड्यात दुपारच्या वर्गात मोठ्या भन्तेजींनी विनयपिटकातल्या, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातल्या, महावग्गातली गोष्ट सांगितली. एक भिक्खू अतिसाराने आजारी, आपल्याच मलमूत्रात पडलेला. बुद्ध आनंदाला घेऊन विहारात फिरत असताना तो दिसला. तुझी सेवा करणारा कोणी नाही का? नाही, भगवन. मी इतरांसाठी काही करत नाही, म्हणून तेही माझ्यासाठी करत नाहीत. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला लावलं. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदाने धुतलं. मग बुद्धांनी डोक्याकडून, आनंदाने पायांकडून धरून त्याला उचललं आणि मंचकावर निजवलं. नंतर संघाला गोळा करून ते म्हणाले, भिक्खूंनो, तुमची सेवा करायला इथे तुमची आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी.

ही गोष्ट मी आधी ऐकली होती. तिच्या पुढचा भाग ऐकला नव्हता. बुद्धांनी तिथेच सांगितलं की सेवा करणारा कसा असावा: त्याला औषध तयार करता यावं, काय मानवतं आणि काय मानवत नाही ते कळावं, त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्र, थुंकी, ओकारी उचलताना त्याला किळस नसावी, आणि वेळोवेळी धम्माच्या गोष्टी सांगून त्याला आजाऱ्याचं मन प्रसन्न करता यावं. त्यात सेवा करणाऱ्याने रडावं असं कुठे नाही. आजारी माणसाबद्दलही पाच गोष्टी आहेत. त्यातली एक ही की आपल्या आजाराची अवस्था त्याने सेवा करणाऱ्याला जशी आहे तशी सांगावी. वाढत असेल तर वाढते आहे, कमी होत असेल तर कमी होते आहे.

उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या, दिवशी घरची मंडळी दान घेऊन आली. बायकोने वाकून वंदन केलं, मुलीनेही. माझं तुळतुळीत डोकं पाहून तिला हसू आवरेना. भोजनदान झाल्यावर मंडपात, आईच्या शेजारी बसून तिने मला शिबिरात काय शिकलात ते विचारलं. मी तिला ती यादी सांगितली. आजाऱ्याने दुखणं जसं आहे तसं सांगावं, इथपर्यंत आलो आणि ती गप्प झाली.

मग म्हणाली, “बाबा, मी तुम्हाला सगळं नाही सांगत. डॉक्टर दहापैकी किती दुखतं विचारतात न, मी तुमच्यासमोर सात असलं तर चार सांगते.”

“काऊन?”

“तुमचा चेहरा पाहवत नाही मला. मंग मला तुम्हाला सांभाळावं लागते.”

ती घरी गेली. संध्याकाळी मी मोठ्या भन्तेजींकडे गेलो आणि हे सगळं सांगितलं. त्यांनी उशाशी ठेवलेला विसुद्धिमग्ग काढला. पाचव्या शतकात श्रीलंकेत अनुराधपूरच्या महाविहारात राहून आचार्य बुद्धघोषांनी लिहिलेला ग्रंथ. त्यात मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद), उपेक्षा (समतोल मन) या चारही ब्रह्मविहारांचे, म्हणजे मनाच्या उदात्त अवस्थांचे, प्रत्येकी दोन शत्रू दिले आहेत, एक दूरचा आणि एक जवळचा. दूरचा तो, जो लगेच ओळखू येतो. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य. जवळचा तो, जो तिच्याच घरात तिचे कपडे घालून राहतो. करुणेचा जवळचा शत्रू शोक. आपल्या माणसाचं, आपल्या हव्याशा गोष्टीचं काही वाईट झालं की जे मन खचतं, तो शोक. दिसायला तो करुणेसारखाच असतो, म्हणून त्याला कोणी हटकत नाही.

“मुलीच्या उशाशी जो बसायचा तो बाप होता,” भन्तेजी म्हणाले. “बापाला शोक होणारच. त्यात पाप नाही. पण तिला त्या वेळी गिलानसेवक पाहिजे असतो. दोघांची जागा एकच आहे, म्हणून एकाला थोडं सरकावं लागेल.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला करुणाभावना शिकवायला घेतली. माझा आग्रह मुलीपासून सुरू करायचा होता. त्यांनी साफ नाही म्हटलं. विसुद्धिमग्गाप्रमाणे ही भावना प्रिय माणसापासून सुरू करत नाहीत, कारण तिथे शोक आधी येऊन बसतो. शत्रूपासूनही नाही, कारण तिथे राग. सुरुवात करायची ती दुःखात पाहिलेल्या एखाद्या अनोळखी माणसापासून. इंदोरा चौकात मेट्रोच्या खांबापाशी एक म्हातारा बसतो, पायाला मळकी पट्टी बांधलेला. मी त्याला डोळ्यांसमोर आणलं. हा जीव संकटात सापडला आहे, तो या दुःखातून सुटो. एवढंच वाक्य, परत परत. मन गाडीसारखं भरकटतं, परत आणायचं. काही दिवसांनी तो म्हातारा नीट दिसू लागला, त्याच्या पट्टीबरोबर त्याचा चेहराही. मग प्रिय माणूस. मग ज्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही असा माणूस. मग वैरी. शेवटी चौघांत आणि आपल्यात सीमा उरू नये.

तरुण भन्ते यातलं काहीच समजावून सांगत नसत. त्यांच्या शेजारी बसून ध्यान केलं की मात्र सोपं जायचं.

एका सकाळी आम्हा सगळ्या श्रामणेरांना दीक्षाभूमीवर नेलं. स्तूपाच्या आवारात जो बोधिवृक्ष आहे तो भदन्त आनंद कौसल्यायनांनी अनुराधपूरहून आणलेल्या फांद्यांपासून वाढला आहे. ज्या गावात विसुद्धिमग्ग लिहिला गेला त्याच गावाचं झाड, आमच्या नागपुरात. त्याखाली बसून बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी भदन्त चंद्रमणी महास्थविरांकडून दीक्षा घेतली आणि मग स्वतः लाखोंच्या समुदायाला दिली, त्या समुदायात माझी आजी होती, पांढरं लुगडं नेसून. तिला अक्षर येत नव्हतं पण बावीसच्या बावीस प्रतिज्ञा पाठ होत्या. तेरावी ती प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांचं लालनपालन करण्याची. अठरावी प्रज्ञा, शील आणि करुणा यांवर जीवन जगण्याची. बाबासाहेब तेव्हा स्वतः मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने जेरीला आले होते, काठीचा आणि माणसांचा आधार घेऊन उभे राहत होते, आणि दोन महिन्यांच्या आत, 6 डिसेंबरला, गेले. इतकं दुखत असलेल्या माणसाने त्या दिवशी दुसऱ्यांच्या दुःखातून मार्ग काढला, हा विचार मला त्या झाडाखाली पहिल्यांदा आला. आमच्यासाठी करुणा ही हिमालयात जाऊन शिकायची गोष्ट नाही. आमच्या आज्यांनी ती भर मैदानात, उभ्याने, प्रतिज्ञा म्हणून घेतली आहे.

शिबिर संपलं, चीवर उतरवलं, पुन्हा पंचशील घेतलं. जाताना गिलान खोलीत वंदन करायला गेलो तेव्हा थेरांच्या तोंडून आवाज निघाला. काय म्हणाले ते कळलं नाही. तरुण भन्ते म्हणाले, रविवारी या असं म्हणतात. तेव्हापासून रविवारी जातो.

दिवाळीच्या सुमारास, थंडी पडायला लागली तेव्हा, मुलीला मोठा क्रायसिस आला. रात्री, पाठीत आणि दोन्ही मांड्यांत. मी जवळ गेलो आणि आधी विचारलं, “किती?” तिने माझ्याकडे बघून घेतलं. “आठ.” मी वेळ आणि आकडा वहीत लिहिला. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध दिलं, ताप पाहिला. तिच्या आजारात ताप आला किंवा छातीत दुखून श्वास लागला तर घरी थांबायचं नसतं, थेट दवाखाना. म्हणून फाईल, रक्तगटाचं कार्ड, पाण्याची बाटली अशी पिशवी भरून दाराशी ठेवली. गरम पाण्याची पिशवी मांडीला, वर पांघरूण. थंड काही लावायचं नाही. थोड्या थोड्या वेळाने पाणी. हात लावण्याआधी सांगायचं, आता कूस बदलतो. माझं काळीज हलत होतं, ते हलायचं थांबलेलं नाही, थांबेल असंही वाटत नाही. पण हात चालू होते.

घरी माझी आत्या आली होती. बायकोने मला जेवायला वाढलं आणि मी जेवलो. आत्याला ते सहन झालं नाही. “पोरगी तिकडं तळमळून राहिली अन् तू जेवून राहिला?” बायको म्हणाली, “आत्याबाई, ते जेवतील तर रात्री जागतील.” आणि मी जागलो. पहाटेपर्यंत आकडा सातवर आला, मग पाचवर. या वेळचे आकडे खरे होते. मधे एकदा तिने मेत्तसुत्त म्हणायला सांगितलं, आणि एकदा तिच्या फार्मसीच्या पुस्तकातला धडा वाचून दाखवायला. दोन्ही केलं. सकाळी ती झोपली, मीही झोपलो.

तिचा आजार गेलेला नाही. क्रायसिस कमी यावेत म्हणून हायड्रॉक्सियुरिया चालू आहे, फॉलिक अ‍ॅसिड चालू आहे, दर काही आठवड्यांनी रक्ततपासणी आहे. ध्यानाने पेशी सरळ होत नाहीत, आणि तसं कोणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा असं मी कळकळीने सांगेन. विहारातल्या एकाही भन्तेंनी तसं सांगितलं नाही. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की औषधं वेळेवर घेते ना?

एक गोष्ट अजून पुरी झालेली नाही. ती लहान असताना एका दवाखान्यात रात्री तिला घेऊन गेलो होतो. ती दुखण्याने ओरडत होती आणि खिडकीमागचा माणूस म्हणाला, “नाटक करून राहिली.” सिकलसेलच्या पुष्कळ मुलांना हे ऐकावं लागतं, कारण बाहेरून काहीच दिसत नाही, ना जखम, ना सूज. तो माणूस माझ्या ध्यानातला वैरी आहे. त्याच्यापर्यंत पोचलो की जबडा आवळतो आणि वाक्य मनातल्या मनात मोडतं. भन्तेजींनी यावर ग्रंथातलाच उपाय दिला आहे: राग आला की त्याच्याशी झुंजायचं नाही, मागे फिरायचं, प्रिय माणसाकडे, म्हाताऱ्याकडे, तिथे मन पुन्हा ओलं झालं की परत यायचं. आणि हेही बघायचं, की जो आज सुखात आहे पण दुसऱ्याला दुखवतो आहे तोही करुणेला पात्र आहे, कारण त्याची स्वतःच्या पुढच्या दुःखाची पेरणी चालू आहे.

परवा पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्याआधी त्याच्यापुढची रांग आठवली. लांब होती, मध्यरात्र होती, आणि तो एकटा होता. रविवारी भन्तेजींना सांगितलं. “चांगलं आहे,” ते म्हणाले, “पण त्याच्यापासून सुरू करू नका अजून. इंदोऱ्याच्या म्हाताऱ्यापासूनच सुरू करा.” तसंच करतो आहे.